आरसा, सिग्नल, मान

माझ्या मावशीने आजवर साडेतीन हजार माणसांना गाडी शिकवली आणि तिच्याच सांगण्याप्रमाणे दोनशे बारा माणसं गाडीखाली घातली. पहिला आकडा खऱ्या रस्त्यावरचा आहे, दुसरा टीव्हीच्या पडद्यावरचा. दोन्ही आकडे ती सारख्याच अभिमानाने सांगते, म्हणून घरी कुणी नवीन माणूस आलं की हा खुलासा मी आधीच करून टाकते. एकदा केला नव्हता, तेव्हा विम्याचा एजंट चहा अर्धा टाकून गेला होता.

मावशी एकोणसाठ वर्षांची आहे. उंची बेताची, आवाज मात्र दोन घरं ओलांडून जाणारा. घराच्या पुढच्या खोलीत तिची ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक टेबल, एक फोन, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता आणि फोन उचलायला मी, तिच्या बहिणीची मुलगी. बाहेर उभी असते ती फिकट निळी गाडी. शिकवायच्या गाड्यांना असतो तसा तिच्यातही शिक्षकाच्या बाजूला एक जास्तीचा ब्रेक आहे. शिकणारा चुकला की शिक्षकाने तो दाबायचा. त्या ब्रेकवर मावशीचा उजवा पाय एकतीस वर्षं ठेवलेला आहे. तिच्या प्रत्येक जोडातला उजवा बूट आधी झिजतो. खुर्चीत बसली असली तरी पाय चालूच. काका, म्हणजे तिचे यजमान, भराभर जेवायला लागले की टेबलाखाली तिचा पाय फरशीवर दाबला जातो. काका म्हणतात, "लग्नाला चौतीस वर्षं झाली, अजून मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलेलो नाही."

तिची शिकवण्याची पद्धत गावभर माहीत आहे. गाडी वळवायच्या आधी शिकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "आरसा, सिग्नल, मान!" आरशात बघा, सिग्नल द्या, मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा आणि मग वळा. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नाही. "मनात काय, माणूस काहीही म्हणतो," असं तिचं मत. आमच्याकडचे दाताचे डॉक्टर खुर्ची फिरवताना हे पुटपुटतात. ते मावशीकडे शिकून अठरा वर्षं झाली.

आता माझी गंमत सांगते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चार वर्षं नोकरी करणाऱ्या मला गाडी येत नव्हती. शिकवणी झाली नाही असं नाही, बासष्ट वेळा झाली. पण इतरांच्या वेळी मावशी क्षणभर थांबायची, त्यांना चुकू द्यायची. माझ्या वेळी मला धोका दिसायच्या आत तिचा पाय दाबला गेलेला असायचा. "तू माझ्या बहिणीची एकुलती एक. तुला काही झालं तर मी तिला काय तोंड दाखवू?" हे तिचं ठरलेलं उत्तर. परिणाम असा झाला की परीक्षेत मी ऐन चौकात नुसती बसून राहिले. ब्रेक पलीकडून लागेल, याची वाट बघत. परीक्षकाने लावला, पण तो नापास करायला. असं दोनदा झालं.

आणि मग मावशीचा पाय मोडला. उजवाच. पुढच्या खोलीच्या दोन पायऱ्यांवरून घसरली आणि घोट्याला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. स्कूल बंद. जो फोन करेल त्याला "दीड महिन्याने या" असं सांगायचं काम मला. मावशी सोफ्यावर पाय वर करून बसायची आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायची. चौथ्या दिवशी काका हात जोडून म्हणाले, "हिला काहीतरी खेळायला द्या."

दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, नोकरीसाठी लांब राहतो. त्याचं व्हिडिओ गेमचं यंत्र कपाटात धूळ खात पडलं होतं. त्याने फोनवर सांगितलं, "आई, गाड्यांचा एक गेम आहे त्यात. मोठं शहर आहे, वाटेल तिकडे फिरता येतं." त्या शहरात आणखी काय काय करता येतं, ते तो सोयीस्करपणे विसरला.

पहिले दोन दिवस मावशीने त्या शहरात नियमाने गाडी चालवली. लाल दिव्याला थांबली. झेब्रा क्रॉसिंगवर म्हाताऱ्यांना जाऊ दिलं. पडद्यावरच्या गाड्या मागून हॉर्न मारायच्या आणि मावशी मान वळवून त्यांना दटावायची. वळण आलं की मोठ्याने, "आरसा, सिग्नल, मान!" मी फोनजवळ बसून हसून हसून दमले. तिसऱ्या दिवशी ती अशीच लाल दिव्याला थांबलेली असताना मागच्या गाडीतून एक आडदांड बुवा उतरला, त्याने हिचं दार उघडलं आणि हिला बाहेर ओढून एक ठोसा लगावला.

मावशी ओरडली, "अगं, याने मला मारलं! लाल दिव्याला थांबले म्हणून!"

"मग तूही मार," मी म्हटलं. ही माझी चूक, कबूल.

तिने बटण दाबलं. बुवा आडवा झाला. मावशीने दचकून आजूबाजूला पाहिलं, पडद्यावर नव्हे, खोलीत. कुणी बघितलं तर नाही ना? मग त्याच्या गाडीत बसली, दिवा लाल असतानाच निघाली आणि फुटपाथवरून जाऊन फळांचं एक दुकान उडवलं. संत्री घरंगळत रस्ताभर झाली. आणि मावशी हसली. ते हसू मी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. पोटातून आलेलं, शाळा बुडवलेल्या पोरीचं.

"अगं, काहीच होत नाही!" ती म्हणाली. "कुणाला काही होत नाही!"

त्यानंतर त्या शहराचे दिवस भरले. मावशीने आइस्क्रीमची गाडी पळवली आणि तिचं गाणं वाजवत बँक लुटली. पुलाच्या कठड्यावरून उडी मारून आगगाडीच्या टपावर उतरली. पण तिचा खास आवडता उद्योग म्हणजे बंदराच्या धक्क्यावर फिरणारे सुटाबुटातले लोक. मोबाइलमध्ये डोकं घालून ते धक्क्याच्या काठाने चालायचे आणि मावशी गाडीच्या नाकाने त्यांना अलगद पाण्यात ढकलायची. "रस्त्यावर बघून चालायला काय होतं यांना?" असं म्हणून पुढचा गाठायची.

एकदा तिने पिशवी घेऊन चाललेली एक म्हातारी उडवली आणि तेव्हाही तसंच हसली. मला ते आवडलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? ज्या बाईने रस्त्यात बसलेल्या मांजरासाठी गाडी थांबवून अर्धी शिकवणी वाया घालवली, तीच ही का, असं वाटलं. "कसं बघवतं गं तुला?" मी विचारलं. तिने उत्तर म्हणून खेळायचा तो बटणांचा रिमोट माझ्या हातात दिला. मी म्हटलं, पाच मिनिटं. भानावर आले तेव्हा फोन वाजून वाजून थांबला होता, काका दारात उभे होते आणि माझ्या नावावर सुटातले एकोणीस लोक पाण्यात होते. मग मी तिला काही विचारायच्या भानगडीत पडले नाही.

प्लास्टर निघालं, स्कूल सुरू झाली, तरी दुपारी दोन ते तीन हा तास गुन्हेगारीसाठी राखीव राहिला. आता ती हेच सगळे उद्योग इंटरनेटवरून इतर खेळणाऱ्यांबरोबर करू लागली. देशोदेशीचे चार-पाच अनोळखी दरोडेखोर आणि त्यांच्यात मावशी. कानांवर दादाचे जुने हेडफोन. त्यांच्या पुढे एक काडी आलेली होती. मावशीला वाटलं, ती हेडफोन धरून काढायला दिली आहे. तो माइक होता आणि तो चालू होता, हे तिला माहीत नव्हतं आणि घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे असं की, पाठीमागे वीस पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर, डिकीत लुटीचा माल आणि प्रत्येक वळणाआधी सगळ्या खेळाडूंच्या कानात मावशीचा दोन घरं ओलांडणारा आवाज, "आरसा, सिग्नल, मान! आता डावीकडे घेतेय!" ती डावीकडे वळायची तर पोलीस झालेले खेळाडू तिथे आधीच हजर. "यांना कळतं तरी कसं गं?" ती हैराण होऊन मला विचारायची.

त्यांच्यातल्याच एका हौशी खेळाडूने तिच्या अशा एका दरोड्याचं बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं. तिचं नाव त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण ज्या गावात निम्म्या लोकांनी ते तीन शब्द घसा सुकेपर्यंत म्हटलेले आहेत, तिथे नाव कशाला लागतं? दोन दिवसांत ते रेकॉर्डिंग घरोघरी पोहोचलं. बहुतेक लोक खो खो हसले. दाताच्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की पुलावरची उडी त्यांनी सहा वेळा पाहिली. पण एका विद्यार्थिनीच्या वडिलांना हसू आलं नाही. जी बाई म्हाताऱ्यांना गाडीखाली घालून खिदळते, तिच्या हाती आमची मुलं द्यायची का, असं त्यांनी परवाना कार्यालयाला लिहून विचारलं. मावशीच्या स्कूलच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. सतरा जणांनी शिकवण्या रद्द केल्या. मावशीला कार्यालयातून सोमवारचं बोलावणं आलं.

तपासणी करणार कोण, तर लाल पेन. हे आमचं त्यांना ठेवलेलं नाव. चाचणी घेणारे वरिष्ठ परीक्षक. मला दोनदा नापास करणारे हेच. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. गाडीत बसले की मांडीवर चुकांचा कागद आणि हातात लाल पेन. लोक सांगतात की ते बसने जातानाही ड्रायव्हरच्या चुका लिहितात.

रविवारी आमच्या घरात मावशी सोडून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. दादा फोनवर म्हणाला, "आई, सरळ सांग की मी खेळत होतो, तू शेजारी बसली होतीस." काकांनीही मान डोलावली. मीसुद्धा. एक छोटं खोटं बोलून एकतीस वर्षांची स्कूल वाचत असेल तर बोलावं, असं मला खरंच वाटत होतं.  मावशी बाहेर जाऊन गाडी पुसत बसली. आधीच स्वच्छ असलेली गाडी तिने तासभर पुसली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती आणि मला रडू येत होतं. त्या गाडीशिवाय ही बाई दिवसभर करणार काय?

सोमवारी मीही तिच्याबरोबर गेले. लाल पेन साहेबांच्या खोलीत संगणकावर ते रेकॉर्डिंग लावलेलं होतं. "बसा," ते म्हणाले आणि आम्ही तिघांनी बावीसच्या बावीस मिनिटं ते पाहिलं. आइस्क्रीमची गाडी. बँक. धक्का. सुटातले लोक पाण्यात, एकामागून एक. पिशवीवाली म्हातारी. आणि मावशीचं हसू, ते पोटातलं. मी जमिनीकडे बघत होते. शेजारी पेनाची कुरकुर ऐकू येत होती. साहेब सवयीने कागदावर चुका लिहीत होते.

रेकॉर्डिंग संपलं. साहेबांनी कागद उलटा ठेवला.

"गाडी कोण चालवत होतं, बाई?"

मी मावशीकडे पाहिलं. तिचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर घट्ट दाबलेला होता. मग तो उचलला गेला.

"मीच चालवत होते, साहेब."

"कशासाठी?"

"मजा येते म्हणून."

 मी मनात म्हटलं, संपलं.

"दुसरं काही कारण सांगू शकत नाही," मावशी म्हणाली. "एकतीस वर्षं माझा पाय दुसऱ्यांच्या ब्रेकवर आहे, साहेब. घरीसुद्धा तो सुटत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आज मरेल, असं समजून मी गाडीत बसते आणि त्याला मरू देत नाही. त्या खेळात गेले आणि पहिल्यांदाच पाय मोकळा झाला. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाईट वागायला इतकं बरं वाटतं, हे मला या वयात कळलं. लाज वाटायला हवी होती. पण नाही वाटली."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग कपाटातून एक जाडसर पुस्तक काढून त्यांनी त्यातला नियम वाचून दाखवला. शिक्षकाबद्दल शंका आली तर त्याची चाचणी पुन्हा घेता येते. "गाडी आणली आहे ना? चला." आणि मला म्हणाले, "तुम्ही मागे बसा. बोलायचं नाही."

मावशी चालवायला बसली. साहेब शिक्षकाच्या जागेवर, त्यांचा पाय त्या जास्तीच्या ब्रेकवर. त्या गाडीत मावशीच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा पाय ब्रेकवर असलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. "आरसा, सिग्नल, मान," मावशी म्हणाली. आम्ही बाजारातून गेलो, शाळेवरून गेलो, चढावर थांबून निघालो. साहेबांचा कागद कोराच. मग दवाखान्याजवळच्या क्रॉसिंगवर एक माणूस रस्ता ओलांडायला लागला. सूट, टाय आणि मोबाइलमध्ये खुपसलेलं डोकं. मावशीने हळूच गाडी थांबवली. तो मधोमध येऊन चक्क उभाच राहिला आणि काहीतरी टाइप करायला लागला.

आरशात मला मावशीचं तोंड दिसत होतं. ओठ दाबलेले, गाल थरथरत होते. मी खिडकीबाहेर बघायला लागले, नाहीतर मीच फुटले असते.

"मोह झाला?" साहेबांनी समोर बघतच विचारलं.

"झाला, साहेब."

"मग?"

"मग काय? हा खरा आहे. याची घरी कुणीतरी वाट बघत असेल. तिकडच्यांची कुणी बघत नाही, म्हणून तर त्यांना ढकलते."

तो माणूस टाइप करून झाल्यावर निघून गेला. आणि मला खाली काहीतरी सरकल्याचा आवाज आला. साहेबांनी ब्रेकवरचा पाय काढून दोन्ही पाय मागे, सीटच्या खाली ओढून घेतले होते. परत कार्यालयात येईपर्यंत पाय तिथेच राहिले.

परवान्यावर सही करताना साहेब म्हणाले, "त्या रेकॉर्डिंगमधल्या चुका मी मोजल्या. बाकीचं मी सोडून देतो, तो वेगळा विषय. पण पुलावरून उडी मारण्याआधी तुम्ही आरशात बघितलं नाहीत."

"अधांतरी मागून कोण येणार, साहेब?"

"तरीही," ते म्हणाले. आणि हसले. शपथेवर सांगते, हसले. मग दरवाजापर्यंत सोडायला आले आणि दबक्या आवाजात विचारलं, "ते यंत्र मिळतं कुठे?"

बाहेर आल्यावर मला वाटलं, मावशी आता रडेल किंवा काकांना फोन करेल. तिने दोन्ही केलं, पण आधी किल्ली माझ्या हातात दिली. "बस. तू चालव."

मी बसले. ती शेजारी येऊन बसली, बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"मावशी, पाय खाली घे."

"नाही घेत."

"अगं, मला भीती वाटते!"

"मलाही वाटते. चल."

गाडी निघाली. पहिल्या वळणावर मी मोठ्याने म्हटलं, "आरसा, सिग्नल, मान!" मावशी खिडकीतून बाहेर बघत होती, दोन्ही हात स्वतःच्याच पावलांवर घट्ट दाबून धरलेले. बाजारातून बाहेर पडलो आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक चेंडू टप्पे खात रस्त्यावर आला. त्याच्यामागे चार-पाच वर्षांची एक मुलगी.

गाडी थांबली. मुलीने चेंडू उचलला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि पळाली.

मी शेजारी पाहिलं. मावशीची मांडी जशीच्या तशी होती. ब्रेक मी लावला होता.